कॅमेरा शिकताना: आधी खिडकी, मग गुऱ्हाळ

"ताई, कॅमेरा कुठला घेऊ?"

शिकायला आलेलं जवळजवळ प्रत्येक पोर मला हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: महिनाभर कुठलाच घेऊ नका. खिशातला मोबाइल, घरातली एक खिडकी आणि शंभर पानी वही एवढ्यावर एक्स्पोजर, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा ते, शिकता येतं. महागड्या कॅमेऱ्यावर उलट जास्त वेळ लागतो, कारण तो तुमच्या चुका गुपचूप सावरून घेतो आणि आपण चुकलोय हे कळतच नाही.

मी मूळची कोल्हापूरची. अकरा वर्षं कॅमेरा डिपार्टमेंटमध्ये काढली. सुरुवातीला लेन्सच्या पेट्या उचलल्या, मग फोकस पुलर म्हणून, म्हणजे शॉट चालू असताना फोकस सांभाळायला, उभी राहिले, आता छोटे माहितीपट स्वतः शूट करते. फिल्म स्कूलला जाणं मला जमलं नाही. तुम्हाला जमत असेल तर जरूर जा. पुण्याची एफटीआयआय १९६० पासून आहे, कोलकात्याची सत्यजित राय यांच्या नावाची संस्था १९९५ पासून. तिथल्या सिनेमॅटोग्राफीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कुठल्याही विषयातली पदवी चालते. पण पदवी होईपर्यंतची तीन-चार वर्षं नुसती वाट बघण्यात घालवू नका. त्या वर्षांत घरबसल्या काय करायचं, ते सांगते.

आधी ऑटो बंद

मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा क्षणाक्षणाला स्वतःच ठरवत असतो, आता उजेड करू, आता अंधार करू. जोवर तो ठरवतोय तोवर तुमच्या पदरात काही पडत नाही. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट मिळतं, आयफोनवर चालतं आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवरही. त्यात सगळं हाताने लावता येतं. ते उघडा आणि तीन गोष्टी पक्क्या करून टाका: फ्रेम रेट २५, शटर १/५०, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून लावायचा उजेडाच्या रंगाचा आकडा, केल्विनमध्ये) ५६००.

१/५० का, हे समजून घ्या. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या निम्मा वेळ शटर उघडं. तेवढ्या वेळात हललेला हात जरासा पुसट उमटतो आणि डोळ्याला ती हालचाल ओळखीची वाटते. आई भाकरी थापत असताना एकदा १/५०० वर शूट करा आणि एकदा १/५० वर. पहिल्यात बोटं तुटक तुटक उडताना दिसतील, दुसऱ्यात हात हातासारखा दिसेल. दुसरं कारण आपल्या विजेचं. ती ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. १/५० सेकंदात असे बरोबर दोन ठोके बसतात आणि प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. १/६० लावलंत तर चित्रावरून पट्टे सरकायला लागतात. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आहे, म्हणून तिकडच्या व्हिडिओंत १/६० सांगतात. ते तिकडच्यासाठी बरोबर आहे.

बहुतेक मोबाइलमध्ये ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्सचं भोक, बदलता येत नाही. शटर तर आपण पक्कं केलंय. मग हातात उरलं काय? आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, आणि खुद्द उजेड. चित्र काळं येत असेल तर माणसाला खिडकीजवळ सरकवा. जळत असेल तर पडदा ओढा. पहिला महिना हेच करायचं.

स्टॉपचा पाढा

सेटवर उजेडाची भाषा एकच, स्टॉप. एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट, एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा. आयएसओ ४०० चा ८०० केला, एक स्टॉप वर. शटर १/५० चं १/१०० केलं, एक स्टॉप खाली. ॲपर्चरचे आकडे मात्र पाठच करावे लागतात:

१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२.

एक आकडा सोडून पुढचा बघा, दुप्पट आहे: २, ४, ८, १६. तसंच १.४, २.८, ५.६, ११, २२. म्हणजे खरं तर दोनच ओळी पाठ करायच्या आहेत. आकडा मोठा तितकं लेन्सचं भोक लहान, हे सुरुवातीला उलटं वाटतं. हा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ भागिले भोकाचा व्यास. भोकातून येणारा उजेड व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून व्यास साधारण १.४ पट झाला की उजेड दुप्पट होतो. एवढं गणित पुरे.

हा पाढा झोपेतून उठवून विचारला तरी यायला हवा. सेटवर कॅमेरामन नुसतं "दीड स्टॉप बंद कर", म्हणजे भोक तेवढं लहान कर, म्हणतो आणि पुढच्या टेकची तयारी सुरू होते. तिथे बोटं मोजत बसायला वेळ नसतो.

आजी आणि खिडकी

आता घरातलं असं माणूस शोधा जे अर्धा तास एका जागी बसेल. माझ्या घरी आजी होती. दुपारी ती खिडकीशी बसून तांदूळ निवडायची. तिला मी काही सांगायचे नाही, फक्त माझी जागा बदलायचे.

ट्यूब बंद करा, बाकीचे पडदे ओढा, एकच खिडकी उघडी ठेवा. खिडकी तुमच्या पाठीशी ठेवून आजीकडे बघा: चेहरा स्वच्छ दिसतो पण सपाट, पासपोर्टच्या फोटोसारखा. खिडकी बाजूला घ्या: अर्धा चेहरा उजळ, अर्धा सावलीत, सुरकुत्या दिसायला लागतात. आजीच्या मागे खिडकी घ्या: केसांची कड उजळते आणि चेहरा काळोखात जातो. तिन्ही ठिकाणी शूट करा, आयएसओला हात न लावता. मग तिन्ही ठिकाणी चेहरा नीट दिसेल असा आयएसओ लावून पुन्हा करा. वहीत लिहा: वेळ, खिडकीपासून अंतर, आयएसओ, आणि त्याच्या आधी तुमचा अंदाज. अंदाज आधी लिहायचा, कॅमेरा मग उघडायचा. पहिल्या आठवड्यात माझा अंदाज तीन-तीन स्टॉपनी चुकायचा. महिन्याने एका स्टॉपच्या आत आला.

रात्री हाच खेळ साध्या बल्बखाली करा. बल्बपासून एक मीटरवर माणूस बसवा, मग दोन मीटरवर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, म्हणजे दोन स्टॉप गेले. खिडकीला हे गणित असं तंतोतंत लागत नाही, कारण ती आकाराने मोठी असते आणि तिच्याजवळ उजेड हळूहळू उतरतो. पण चेहऱ्याच्या उजळ आणि काळ्या बाजूंत किती फरक ठेवायचा हे अंतर बदलूनच कळतं.

सावलीची बाजू फारच काळी झाली तर आजोबांचं धुतलेलं पांढरं धोतर दोरीवर टाकून त्या बाजूला धरा. उजेड धोतरावर आपटून परत येईल आणि सावली विरघळेल. सेटवर हेच काम थर्माकोलच्या शीट करतात, लाइट दादा दिवसभर त्या धरून उभे असतात. उलट, चेहरा फार सपाट वाटत असेल तर त्याच जागी काळी घोंगडी टांगा. खोलीच्या पांढऱ्या भिंतींवरून येणारा फुकटचा उजेड घोंगडी खाऊन टाकते आणि चेहऱ्याला खोली येते. हा दुसरा प्रकार विद्यार्थी सहसा करत नाहीत. सगळ्यांना दिवे लावायची घाई असते, उजेड काढून घ्यायचं कुणाला सुचत नाही.

धोतराची युक्ती सांगताना सत्यजित राय यांचे कॅमेरामन सुब्रत मित्र यांचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो' सिनेमासाठी काशीतल्या जुन्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. अशा घरात उजेड वरून, आभाळातून गाळून येतो, त्याला धारदार सावली नसते. सुब्रत मित्र यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्या कापडावर मारून तो उजेड खाली आणला. पडद्यावर ते खरंखुरं अंगण वाटतं. कापड हे कॅमेरामनचं इतकं जुनं आणि इतकं मोठं हत्यार आहे.

मीटरला सगळं राखाडीच दिसतं

तेच धोतर आणि तीच घोंगडी एका जागी, एका उजेडात ठेवा. ऑटो एक्स्पोजर सुरू करा आणि फ्रेम भरून फक्त धोतर घ्या. मग फ्रेम भरून फक्त घोंगडी. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर धोतर मळकट राखाडी आणि घोंगडीही राखाडी. कॅमेऱ्यातलं मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतं आणि समोर मधल्या राखाडी रंगाचं काहीतरी आहे असं धरून चालतं. पांढरी वस्तू पांढरी ठेवायची असेल तर मीटर सांगेल त्यापेक्षा उघडावं लागतं, काळी काळी ठेवायची तर बंद करावं लागतं. लग्नाच्या शूटिंगमध्ये पांढऱ्या शेरवानीतला नवरदेव काळवंडतो तो यामुळेच.

आपल्याकडे एकाच फ्रेममध्ये गव्हाळ, सावळे, गोरे असे सगळे चेहरे असतात. चेहऱ्यावरून मीटर घेतलं तर प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, आणि सावळ्या माणसाला मीटर उगाच उजळ करतं. मी तळहात वापरते. माणसांचे चेहरे कितीही वेगळे असले तरी तळहात बऱ्यापैकी सारखे उजळ असतात, मधल्या राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप वर. चेहऱ्यावर जो उजेड पडतोय त्यात तळहात धरा, त्यावर मीटर घ्या आणि एक स्टॉप उघडा. मग सावळा चेहरा सावळा राहतो, आणि तो तसाच राहिला पाहिजे. चेहरे गोरे करून दाखवायची सवय स्वतःला लावून घेऊ नका.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विसंबू नका. उन्हात तीच स्क्रीन काळी वाटते आणि रात्री दिवाळीसारखी उजळ. झेब्रा, म्हणजे फार उजळ जागांवर स्क्रीनवर पट्टे दाखवणारी सोय, सुरू करा, १०० वर ठेवा. जिथे पट्टे दिसतील तिथलं चित्र जळलं, तिथून नंतर काही परत येत नाही.

उन्हात

भर उन्हाचं एक जुनं गणित आहे: ॲपर्चर १६ ठेवलं तर शटर आणि आयएसओ सारखे. आयएसओ १००, शटर १/१००, ॲपर्चर १६. आता आपल्याला शटर १/५० हवं, एक स्टॉप जास्त आला. ॲपर्चर ४ हवं, म्हणजे १६ वरून ११, ८, ५.६, ४, आणखी चार स्टॉप. एकूण पाच स्टॉप उजेड जास्त आहे, तो कुठेतरी अडवायला हवा. शटर पळवायचं नसेल तर लेन्सपुढे एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळपट काच, लावावा लागतो. त्यावर ०.३ लिहिलं असेल तर एक स्टॉप, ०.६ दोन, ०.९ तीन, असं मोजत जा. पाच स्टॉपला १.५. फिरवून कमी-जास्त करता येणारा एनडी सोयीचा असतो, पण स्वस्तातला पार शेवटपर्यंत फिरवला की आभाळात काळी फुली उमटते. थोडं अलीकडेच थांबा. मोबाइललाही चिमट्याने लावायचे एनडी मिळतात.

बारा वाजताच्या उन्हात चेहरे शूट करू नका, एवढंच खरं तर सांगायचं होतं. डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. शूट करावंच लागलं तर माणसाला झाडाच्या सावलीच्या कडेला आणा.

गुऱ्हाळ

आता माझी चूक सांगते, कारण एक्स्पोजर मला खरं तिथे कळलं.

पन्हाळा तालुक्यात माझं आजोळ. मामाचा ऊस गावातल्या गुऱ्हाळात जायचा. वीस वर्षांची असताना उसना डीएसएलआर आणि पन्नासची लेन्स घेऊन मी तिथे दहा मिनिटांची फिल्म करायला गेले. फेब्रुवारीचे दिवस. पत्र्याचं शेड, आत अंधार, मधोमध चुलवाणावर काहील, त्यात उकळणारा रस, चुलवाणात सतत चिपाडं पडतायत. एका बाजूला मोठं उघडं दार. वाफ इतकी की समोरचा माणूस विरून जातो.

मी एक्स्पोजर ऑटोवर ठेवला. दिवसभर शूट केलं, स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. रात्री मामाच्या घरी टीव्हीवर लावलं आणि रडू आलं. गूळ शिजवणारे गुळव्या तात्या काहिलीवर वाकले की मागचं दार फ्रेममध्ये यायचं आणि त्यांचा चेहरा काळा व्हायचा. ते सरळ झाले की चेहरा उजळायचा आणि वाफ पांढरी फटक व्हायची. पूर्ण दिवसाचं चित्र असं श्वास घेतल्यासारखं वर-खाली होत होतं. एकही शॉट वापरता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा नेला नाही. वही नेली आणि चिपाडांच्या ढिगाशेजारी सकाळपासून बसून राहिले. साडेसात ते नऊ या वेळात ऊन पूर्वेच्या पत्र्याखालच्या फटीतून तिरपं आत येतं, हे मला तेव्हा दिसलं. उन्हाकडे तोंड करून बसलं की वाफेचा एकेक पदर दिसतो. तीच वाफ उन्हाकडे पाठ करून बघितली तर जवळजवळ नाहीशी होते. वाफ, धूर, धूळ, पाऊस यांना उजेड मागून लागतो. दुपारी ऊन डोक्यावर गेलं की शेड सपाट होतं. संध्याकाळी एक पिवळा बल्ब आणि जाळ एवढंच उरतं.

तिसऱ्या दिवशी सात वाजता पोचले. पिशवीतून कॅमेरा काढला आणि काच धुक्याने भरली. बाहेरच्या थंडीतली गार लेन्स आतल्या दमट हवेत आली होती. अशा वेळी काच पुसून काही उपयोग नाही, पुन्हा धुकं धरतं. कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून आत आणायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं, म्हणजे लेन्स हळूहळू तिथल्या हवेइतकी ऊबदार होते. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावा, कारण रसाच्या वाफेचा चिकट थर काचेवर बसतो, आणि फिल्टर धुता येतो.

मग मोजलं. आयएसओ १६००, शटर १/५०. तात्यांच्या चेहऱ्याचं बरोबर एक्स्पोजर ॲपर्चर २.८ ला येत होतं. उन्हातली वाफ चेहऱ्यापेक्षा तीन स्टॉप वर. दाराबाहेरचा उजेड सात स्टॉप वर. आपल्या डोळ्याला हे सगळं एकाच वेळी दिसतं, कारण डोळा सतत जुळवून घेत असतो. त्या कॅमेऱ्याला एवढं जमणार नव्हतं. काहीतरी सोडावं लागणार होतं, आणि काय सोडायचं हे कॅमेऱ्याला माहीत असणं शक्य नाही. त्याला काहील काय, गुळव्या काय आणि दार काय, सगळं सारखंच.

मी दार सोडलं. ते जळू दे, बाहेर फक्त ट्रॅक्टर उभा होता. वाफ वाचवायची ठरवलं, कारण ती गेली तर गुऱ्हाळच गेलं. २.८ चं ४ केलं. चेहरा एक स्टॉप खाली गेला, वाफ आता मधल्या उजेडापेक्षा दोन स्टॉप वर उरली, म्हणजे उजळ पण जळलेली नाही. तात्या चुलवाणाकडे वळले की जाळाचा उजेड गालावर पडायचा आणि चेहरा तेवढ्यापुरता वर यायचा. आकडे लावून टाकले आणि दोन तास त्यांना हात लावला नाही.

त्यातला एक शॉट मला अजून जपावासा वाटतो. गूळ उतरायच्या वेळेला आला की गुळव्या उकळत्या रसाचा थेंबभर नमुना गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी वळून बघतो. गोळी जमली की काहील उतरवायची. हे तीन-चार सेकंदांत होतं. फोकस शोधत बसलात तर संपलंच. तात्या पाण्याचं भांडं दर वेळी त्याच दगडावर ठेवायचे, म्हणून मी भांड्याच्या काठावर आधीच फोकस लावून ठेवला. लेन्स पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आत फोकस करत नव्हती, तेवढं अंतर सुताने मोजून घेतलं. आधीच्या दिवसापर्यंत मी ही लेन्स १.८ वरच वापरायची, मागचं सगळं पुसट होतं म्हणून आवडायचं. इतक्या जवळून १.८ वर एका बोटावर फोकस आला की शेजारचं बोट जातं. ४ वर बोटं, पाणी आणि गोळी तिन्ही धरली. तात्यांनी पाच वेळा गोळी बघितली. पहिल्या चार वेळा मी चुकले, पाचवी मिळाली. त्यांना पुन्हा करायला सांगितलं नाही. काहिलीजवळ काम करणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यासाठी थांबवायचं नाही, तिथे पाय घसरला तर भाजतं.

हात आणि पाय

तुम्हाला हाताने कॅमेरा धरून चालायची घाई असेल. पहिले दोन महिने तिवईवर काढा. तिवईचा एक पाय समोर, लेन्सच्या दिशेला ठेवा, म्हणजे तुम्हाला मागे दोन पायांच्या मध्ये उभं राहायला जागा मिळते. उंची वाढवताना आधी जाड नळ्या बाहेर काढा, बारीक शेवटी. हलकी तिवई असेल तर मध्ये झोळी टांगून त्यात दोन विटा टाका.

प्रत्येक शॉटच्या आधी पाच सेकंद आणि नंतर पाच सेकंद कॅमेरा तसाच चालू ठेवा. एडिटिंगला बसलात की या दहा सेकंदांची किंमत कळेल.

पॅन करताना, म्हणजे कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे वळवताना, पाय पॅन जिथे संपणार आहे तिकडे रोवा. मग कमरेपासून वळून सुरुवातीच्या फ्रेमकडे या आणि तिथून शरीर उलगडत जा. उलट केलंत तर शेवटी अंग पिळवटलेलं असतं आणि नेमकी शेवटची फ्रेम हलते. पॅन सुरू करण्याआधी दोन प्रश्न: कुठून, आणि कुठे थांबणार? दुसऱ्याचं उत्तर नसेल तर पॅन करू नका, स्थिर शॉट घ्या.

हातात कॅमेरा धरायची वेळ आली की कोपरं बरगड्यांना टेकवा, गळ्यातला पट्टा पुढे ताणून धरा. अंग, हात आणि पट्टा यांचा ताण कॅमेऱ्याला स्थिर ठेवतो. श्वास सोडताना शॉट सुरू करा. चालायचंच असेल तर गुडघे सैल ठेवा, पाऊल टाचेकडून अलगद टेकवा.

दोन माणसं बोलत असतील तर जमिनीवर एकापासून दुसऱ्यापर्यंत खडूने रेघ मारा आणि सगळे शॉट रेघेच्या एकाच बाजूने घ्या. मग एक उजवीकडे बघेल, दुसरा डावीकडे, आणि बघणाऱ्याला ते समोरासमोर वाटतील.

लॉग प्रोफाइलबद्दल, म्हणजे रंग नंतर कॉम्प्युटरवर चढवायचे म्हणून फिकं चित्र घेणाऱ्या सेटिंगबद्दल, विद्यार्थी फार विचारतात. पहिले सहा महिने नको. लॉगचं चित्र मुळातच फिकं दिसतं, त्यात गरजेपेक्षा काळं शूट केलं तर सावल्यांत नॉइज, म्हणजे दाणे, भरतो आणि ग्रेडिंगला, म्हणजे नंतर रंग बसवताना, तो आणखी वर येतो. आधी साध्या प्रोफाइलवर एक्स्पोजर नेमका बसवायला शिका.

गुळाचा रंग

फिल्म पुरी झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन पुन्हा गावी गेले. गुऱ्हाळातली माणसं चिपाडांवर बसून बघायला लागली. वाफेच्या शॉटला कुणीतरी "आई शप्पथ" म्हणालं. गोळीच्या शॉटला तात्या नुसते मान हलवत होते. मग शेवटचा प्रसंग आला, संध्याकाळी बल्बखाली ढेपा बांधतानाचा, आणि तात्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"पोरी, ह्यो गूळ आमचा न्हवं."

मी म्हटलं, तात्या, त्याच दिवशीचा आहे.

"एवढा लाल गूळ काढला आसता तर सौद्यात कुणी हात लावला आसता का त्याला?"

त्यांचं बरोबर होतं. सकाळी उन्हात मी व्हाइट बॅलन्स ५६०० वर ठेवला होता, तो तिथे योग्य होता. संध्याकाळी उजेड पिवळ्या बल्बचा, साधारण २७०० चा, आणि कॅमेरा तसाच ५६०० वर राहिला. एक्स्पोजर सांभाळण्याच्या नादात मी रंगाकडे बघितलंच नव्हतं. पिवळसर सोनेरी गुळाला भाव चांगला मिळतो, हे तिथल्या पोरासोरांना माहीत होतं. ज्या माणसाने चाळीस हंगाम रसाचा रंग बघून जाळ कमी-जास्त केला, त्याचा गूळ मी तांबडा करून दाखवला होता.

तेव्हापासून जागा बदलली, दिवा बदलला की मी आधी पांढरा कागद त्या उजेडात धरून व्हाइट बॅलन्स घेते, मगच फ्रेम लावते. एकाच जागी दोन उजेड असतील, दारातून दिवस आणि आत जाळ, तर मधला आकडा धरते, ४३०० च्या आसपास, म्हणजे दार किंचित निळसर आणि जाळ किंचित केशरी राहतो, आणि डोळ्याला ते खरं वाटतं. ऑटो मात्र कधीच नाही, तो शॉटच्या मधेच रंग बदलतो.

तात्यांनी त्या दिवशी ढेपेची एक फोड वर्तमानपत्रात बांधून दिली. ती खायला मन होईना. एडिटच्या टेबलाशी खिडकीच्या उजेडात तिला ठेवलं आणि शेवटचा प्रसंग तिच्याकडे बघत, एकेक शॉट करून दुरुस्त केला. तीन रात्री लागल्या. पुढच्या हंगामात पुन्हा दाखवायला नेला तेव्हा तात्या स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन बसले, आणि ढेपांचा शॉट आला तशी त्यांनी मला तो दुसऱ्यांदा लावायला सांगितला.